पाहुण्यापुढचे ताट

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या दुकानात डीप फ्रीझर आला आणि माझ्या सासूबाईंनी गादीवर येणे बंद केले.

नारायणगावच्या पेठेतील हे किराणा दुकान आमच्या घरात तीन पिढ्यांपासून आहे. सासरे गेल्यापासून सासूबाई रोज सायंकाळी, चौविहाराच्या वेळेआधी, तासभर गादीवर बसत. हिशेबात त्या लक्ष घालीत नसत. हातात माळ असे, आणि येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी असे. कोणाच्या सुनेचे दिवस भरत आले, कोणाचा टोमॅटो मातीमोल गेला, हे सारे त्यांना ठाऊक. त्या येईनाशा झाल्या तेव्हा पहिल्या आठवड्यातच चार गिऱ्हाइकांनी विचारले, “काकूंची तब्येत बरी आहे ना?” मी “बरी आहे” म्हणत राहिले. तब्येत बरीच होती. मन बरे नव्हते.

कारण त्या फ्रीझरमध्ये होते. माझ्या मुलाने तेथे वनस्पतिजन्य खिम्याची आणि तुकड्यांची पाकिटे ठेवली होती. आत सोयाबीन, वाटाण्याची प्रथिने, गव्हातील चिकट भाग, तेल आणि मसाले. प्राण्याचा अंशही नाही. चौकोनातला हिरवा ठिपका स्पष्ट छापलेला. पण त्याच पाकिटावर, ठिपक्याहून कितीतरी मोठ्या अक्षरांत, ‘मटण’ हा शब्दही होता. आमच्या दुकानाच्या उंबरठ्याच्या आत तो शब्द तोवर कधी आला नव्हता.

मुलाने हे हौसेने आणले नव्हते. ओतूरकडचे एक कांदा बागायतदार आमचे फार जुने गिऱ्हाईक. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. दिवाळीनंतर त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. डॉक्टरांनी मटण जवळजवळ बंद करायला सांगितले. तात्या दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, “वहिनी, साठ वर्षं खाल्लेलं एका दिवसात कसं सुटंल? रविवार आला की जेवणच नको वाटतंय. तुमच्यात तर पिढ्यान्‌पिढ्या कोणी खात नाही. तुम्हीच काहीतरी तोड सांगा.” मला तोड सुचली नाही. ज्याने कधी खाल्लेच नाही, तो सोडण्याचा मार्ग काय सांगणार? मुलाने मात्र पुण्याच्या वितरकाशी बोलणे केले आणि पंधरा दिवसांत फ्रीझर दारात उभा राहिला.

हा व्यवसाय आज जगभर पसरला आहे. अमेरिकेतील ‘बियॉन्ड मीट’ ही कंपनी २००९ साली सुरू झाली आणि ‘इम्पॉसिबल फूड्स’ २०११ साली. आपल्या देशात असे पदार्थ आणणारी उदयपूरची ‘गुडडॉट’ २०१६ साली सुरू झाली. २०२१ मध्ये रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी ‘इमॅजिन मीट्स’ सुरू केली, तेव्हा मराठी घरांतही या विषयाची चर्चा झाली. कल्पना मात्र नवी नाही. गव्हाच्या कणकेतील पीठूळ भाग धुऊन काढून उरलेल्या चिवट गोळ्यापासून मांसासारखे पदार्थ करण्याची रीत चीनमधील बौद्ध विहारांच्या स्वयंपाकघरांत कित्येक शतकांपासून आहे. आपल्या दुकानात वर्षानुवर्षे विकल्या जाणाऱ्या सोयाबीनच्या वड्या याच कुळातल्या. सोयाबीनमधून तेल काढून घेतल्यावर उरलेल्या पिठात पाणी मिसळून ते उष्णता आणि दाब यांखाली बारीक छिद्रातून बाहेर लोटतात. बाहेर येताच ते फुगते आणि त्याला धाग्याधाग्यांची जाळी येते. दाताखाली जो ‘चावा’ लागतो, तो या जाळीचा. कोरड्या वड्यांत दर १०० ग्रॅममागे सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. भिजल्यावर पाण्याचे वजन वाढते, म्हणून ताटातला आकडा बराच खाली येतो. हे गिऱ्हाइकाला सांगावे, असा आमच्या दुकानाचा रिवाज आहे.

हे सारे मुलाने आजीला समजावून सांगितले. “दादी, यात जीव कुठे आहे? उलट एक माणूस मटण सोडतो आहे. पुण्यच म्हणायचे.”

सासूबाईंनी वाद घातला नाही. “यशोधर राजाची कथा पाठशाळेत शिकवली नाही का तुला?” एवढेच त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

ती कथा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. सोमदेवसूरींच्या ९५९ सालच्या ‘यशस्तिलक’ या संस्कृत ग्रंथात ती आहे. जन्न कवीने १२०९ साली ती कन्नडमध्ये आणली. अशुभ टळावे म्हणून देवीला पशूचा बळी दे, असा आईचा आग्रह होतो. यशोधर राजा जीवहत्येला नकार देतो. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा केला जातो, आणि राजा त्यावर शस्त्र चालवतो. रक्ताचा थेंब सांडत नाही. तरीही आई आणि मुलगा दोघांनाही पुढे कित्येक जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत भटकावे लागते; ज्यांना मारण्याचा त्यांनी केवळ संकल्प केला, त्यांच्याप्रमाणे स्वतः मारले जावे लागते. पिठाचा कोंबडा मेला नाही. पण मारण्याचा भाव खरा होता.

म्हणजे हजार वर्षांपूर्वी आपल्या आचार्यांपुढे हाच पदार्थ होता: मांस नसलेले मांस. आणि त्यांचा निर्णय कठोर होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सासूबाई हट्टाने बोलत नव्हत्या आणि मुलगाही लोभाने वागत नव्हता. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांची यादी मी मनाशी उजळून पाहिली. दंतवाणिज्य, लाक्षावाणिज्य, रसवाणिज्य, केशवाणिज्य, विषवाणिज्य यांपैकी कशातच हा माल बसत नव्हता. पण पाठशाळेत शिकलेले निक्षेपही आठवले: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. या पाकिटात द्रव्याने मांस नाही. पण नाव मांसाचे आहे, आणि आकार, रंग, चावा यांनी मांसाचीच स्थापना केलेली आहे. राहता राहिला भाव. तो पाकिटात नसतो, घेणाऱ्यात असतो.

येथे मला एक फरक दिसला. यशोधराने पीठ हातात घेतले ते बळीचे फळ मिळावे म्हणून. त्याला हत्या नको होती, पण हत्येपासून मिळणारे सारे हवे होते. तात्या पीठ हातात घेत होते ते साठ वर्षांच्या सवयीपासून दूर जाण्यासाठी. वस्तू एकच, पायरीही एकच. एक उतरणारा होता आणि एक चढणारा. मग प्रश्न आमच्या घरापुरता उरला. आम्ही ज्या पायरीवर कधी पाय ठेवला नाही, तेथे केवळ ‘चव तरी पाहू’ म्हणून उतरायचे का? याचे उत्तर मला क्षणभरही अवघड वाटले नाही. विकावे, पण घरात आणू नये, असे मी ठरवले आणि सकाळी मुलाला सांगितले. त्यानेही मान्य केले.

आणखीही एक गोष्ट मी त्याला पाकीट उलटे करून दाखवली. हिरवा ठिपका प्राणिजन्य मांस-अंडी नसल्याची ग्वाही देतो. जैन आहाराची नाही. घटकांच्या बारीक अक्षरांत कांद्याची आणि लसणाची पूड होती, यीस्टचा अर्क होता. परदेशी पाकिटांत लाल रंगासाठी बीटचा रस वापरतात, तेही कंदमूळच. आपल्या तरुण मुलांनी प्रवासात ‘शाकाहारीच आहे’ म्हणून हे निर्धास्तपणे खाऊ नये, यासाठी हे येथे मुद्दाम लिहिते. मिठाचे प्रमाणही पाहावे. तात्यांसारख्या हृदयाच्या रुग्णाने तर आधी तेच पाहावे.

सासूबाईंना माझा निर्णय सांगितला. त्या म्हणाल्या, “तू म्हणतेस ते ठीक असेल. पण त्या पेटीशेजारी बसून माझी माळ फिरायची नाही.” मी पुढे बोलले नाही.

तात्यांनी पहिले पाकीट नेले आणि दुसऱ्या रविवारी आणखी दोन. आम्हाला बरे वाटले. तिसऱ्या रविवारी ते आले, नुसताच चहा घेतला आणि पाकीट न घेताच निघाले. मुलाने विचारले, “तात्या, चव नाही आवडली?”

“चव बरी हाय रे बाळा. माझ्या एकट्याचं भागतंय. पर माघी पुनवेला गावची यात्रा आली. शंभर माणूस जेवायला येणार. व्याही येणार, पुण्याहून पोरी-जावई येणार. पहिल्या दिवशी पुरणपोळी झाली की दुसऱ्या दिवशी तिखटाचं जेवण लागतंय. पाहुण्यापुढं पाकीट फोडून ठेवू का? लोक म्हणतील, तात्या आजारी पडला आन्‌ हात आखडला.” थोडे थांबून ते म्हणाले, “बोकड सांगून ठेवलाय. मी नाही खाणार, पर कापावा तर लागंल.”

तो दिवस आणखी एका कारणाने लक्षात आहे. त्याच आठवड्यात वीज दीर्घकाळ गेली. हा माल उणे अठरा अंशांवर राहायला हवा. आमचा इन्व्हर्टर तेवढा भार पेलत नाही. निम्मी पाकिटे मऊ पडली, ती टाकून द्यावी लागली. मुलगा हिरमुसला. मी मात्र तोट्यापेक्षा तात्यांच्या बोलण्याचा विचार करीत होते. त्यांना मटणाची चव हवी होती, असे आम्ही समजत होतो. ती गरज पाकिटाने भागवली होती. पण घरातून बोकड जात नव्हता, कारण तो जिभेसाठी नव्हताच. तो पाहुण्यासाठी होता.

जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरावर अंबिका लेणी आहेत. मूळची ती बौद्धांची. पुढे तेथे जैन मूर्ती कोरल्या गेल्या, आणि लेण्यांना नाव मिळाले ते देवी अंबिकेचे. लहानपणी आम्ही भावंडे आईबरोबर तेथे चढून गेलो होतो. अंबिका ही भगवान नेमिनाथांची यक्षिणी, म्हणून आईने तेथेच बसून नेमिकुमारांची कथा सांगितली होती. वरात राजुलमतीच्या दारी निघाली होती. वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकू आला. हे कशासाठी, असे विचारताच सारथी म्हणाला, आपल्या लग्नाच्या मेजवानीसाठी. नेमिकुमारांनी रथ मागे फिरवला. ही कथा मी शेकडो वेळा ऐकली असेल. पण त्या दिवशी तिच्यातली एक गोष्ट प्रथमच नीट कळली. ते पशू कोणाच्या भुकेसाठी कोंडलेले नव्हते. ते पाहुणचारासाठी कोंडलेले होते. भूक डाळ-रोटीने शमते. माणसाच्या हातून जीव जातात ते पुष्कळदा ताटाला मान मिळावा म्हणून.

मग या मानाची जागा कोण घेणार? त्याचे उत्तर पुण्याच्या वितरकाकडे नव्हते. ते माझ्या माहेरी होते.

माझे माहेर आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव. आमच्या शेजारी एक माळकरी कुटुंब होते. सारे घर वारकरी, मांस-मच्छी वर्ज्य. त्यांच्याकडे मोठा पाहुणा आला की मावशी मासवडी करायला बसत. जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना मासवडी सांगायला नको. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या खानावळींच्या पाट्यांवर आज ती दिमाखात मिरवते. पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन टाकून घट्ट घोटायचे. ओल्या फडक्यावर खसखस, खोबरे, कोथिंबीर पसरून त्यावर ते गरम असतानाच हाताने पातळ थापायचे. मध्ये भाजलेले तीळ, सुके खोबरे आणि मसाल्याचे सारण भरून फडक्याच्याच साहाय्याने गुंडाळी करायची, आणि दोन्ही हातांनी दाबून तिला माशासारखा उभा, निमुळता आकार द्यायचा. मग वड्या कापायच्या. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. घोटलेले बेसन निवले तर थापले जात नाही, म्हणून मावशींचे हात भाजत. एका दमात दोन-तीन बायका लागत. घरात मासवडी आहे म्हटल्यावर पाहुण्याला काही सांगावे लागत नसे. आपल्यासाठी किती हात राबले, हे त्याला कळत असे.

माझ्या आईने ती त्यांच्याकडूनच शिकून घेतली. कांदा-लसूण वगळून हिंग आणि धने-जिरे घातले. मात्र ‘मास’ हे अक्षर तिने कधी तोंडातून काढले नाही, आणि गुंडाळीला निमुळता आकारही दिला नाही. आमच्या घरी ती सरळ गोल असे आणि तिला ‘तिळाची वडी’ म्हणत. नाम आणि स्थापना या दोन्ही निक्षेपांचा निकाल आईने, ग्रंथ न उघडता, पोळपाटावरच लावून टाकला होता.

मी तात्यांना फोन केला. “यात्रेला मासवडी केली तर?” ते हसले. “आमच्या आईची होती हातखंडा. ती गेल्यावर घरात कोणी घातलाच नाही हात त्या उद्योगाला. शंभर माणसाला कोण थापणार?” मी म्हटले, सामान मी पाठवते, माणसे तुमच्या गावात आहेत. दोन दिवसांनी त्यांच्या पत्नीचाच फोन आला. गावातल्या चार माळकरी घरांतल्या बायका येणार होत्या. तीळ, खसखस, सुके खोबरे, बेसन अशी भलीमोठी यादी त्यांनी सांगितली. ती लिहून घेताना मुलगा म्हणाला, “आई, फ्रीझरच्या तीन महिन्यांच्या विक्रीपेक्षा ही यादी मोठी आहे.” तो व्यापाऱ्याचाच मुलगा.

यात्रा झाली. सगळे काही पालटले, असे मी लिहिणार नाही. एका व्याह्यांनी “तिखटाचं जेवण नाही का?” असे विचारलेच, आणि दोघे-तिघे दुसऱ्या घरी जेवायला गेले. पण उरलेल्या पंगतीने रस्सा दोनदा मागून घेतला. बोकड त्या वर्षी कापला गेला नाही. पुढल्या वर्षी काय होईल, ते तात्यांचे घर ठरवील.

यात्रेच्या तिसऱ्या दिवशी सायंकाळी तात्या आणि त्यांच्या पत्नी दुकानात आले. हातात नवा कोरा स्टीलचा डबा होता. “काकू, तुमच्यासाठी येगळी केली. कांदा-लसूण नाही. माळकरणीच्या चुलीवर केली, भांडीबी तिचीच.” सासूबाईंना निरोप धाडला. त्या येतील असे मला वाटले नव्हते, पण आल्या. ज्या घरात सामिष शिजते, त्या घरातून आलेले अन्न त्यांनी जन्मभर घेतलेले नाही, आणि तो नियम त्यांनी त्या दिवशीही मोडला नाही. डबा मात्र त्यांनी दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि तात्यांच्या पत्नीला म्हणाल्या, “हात भाजले असतील ना गं तुझे?”

मग डबा माझ्याकडे देऊन त्या मुलाला म्हणाल्या, “पाहुण्याचा डबा रिकामा जात नाही.” मी वड्या घरातल्या ताटात काढून डबा धुऊन आणला. त्यांनी स्वतःच्या हाताने त्यात तीळ आणि खडीसाखर भरली. वजन केले नाही, वहीत लिहिले नाही. नंतर गादीवर बसल्या. फ्रीझर तेथेच होता, दहा हातांवर. त्यांनी आपली बैठक थोडी फिरवून त्याच्याकडे पाठ केली आणि माळ हातात घेतली.

आजही त्या तशाच बसतात. फ्रीझर आम्ही काढलेला नाही. मांस कमी करू पाहणारी माणसे त्यासाठी येतात आणि त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवावेसे वाटत नाही. पण कोणी पाकीट मागितले की मुलगा आधी विचारतो, “घरच्यासाठी हवे आहे की पाहुण्यांसाठी?” पाहुण्यांसाठी असेल, तर तो गिऱ्हाइकाला तिळाच्या पोत्याकडे घेऊन जातो.